जालीम पाने

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास यांवरचा जो अध्याय आहे, त्यातला तमकश्वासाचा रोगी आजच्या कोणत्याही दवाखान्यातल्या बाकावर बसलेला सापडेल. आडवे झाले की त्याची धाप वाढते आणि उठून बसले की जरा बरे वाटते. आभाळ भरून आले, पाऊस लागला, गारठा पडला, पूर्वेचा वारा सुटला की त्रास बळावतो. कफ सुटत नाही तोवर तो कासावीस असतो, सुटला की घटकाभर सुख लागते, आणि ऊनऊन खावे-प्यावेसे वाटते. इतक्या बारकाईने रोगी पाहणाऱ्या ग्रंथकाराने पुढे जे म्हटले आहे, ते मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. हा श्वास नुकताच जडलेला असेल तर साध्य, एरवी तो याप्य, असे त्याचे मत आहे. याप्य म्हणजे औषध आणि पथ्य चालू असेतो ताब्यात राहणारा, सोडले की पुन्हा उसळणारा. दम्यावरच्या वनस्पतींचा विचार करताना हा एक शब्द हाताशी ठेवायला हवा, कारण या वनस्पतींच्या नावाने आज जे काही विकले जाते त्यातल्या बऱ्याच गोष्टी ‘मुळापासून बरा’ या आश्वासनावर विकल्या जातात, आणि ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो त्या ग्रंथाने जुन्या दम्याला असे आश्वासन दिलेलेच नाही.

श्वासनळी सैल होणे म्हणजे नेमके काय, हे आधी पाहू. घशाखालची मोठी नळी छातीत उतरते, तिला दोन फाटे फुटतात, त्यांना पुन्हा फाटे, असे होत होत ती झाडाच्या डहाळ्यांसारखी पसरते. मोठ्या नळ्यांना कूर्चेचा आधार असतो; लहान नळ्यांना तो नसतो, पण त्यांच्या भोवती स्नायूंचे वेढे असतात. हे स्नायू आपल्या इच्छेने हलत नाहीत. धूळ, परागकण, थंड हवा, धूर, सर्दीपडसे अशा निमित्ताने दमेकऱ्याच्या नळीचे हे वेढे आवळतात. पातळ नळीतून वाहणाऱ्या हवेचे गणित असे आहे की त्रिज्या निम्मी झाली की अडथळा दुप्पट होऊन थांबत नाही, तो १६ पट होतो. उलट बाजूनेही हेच गणित चालते. वेढे किंचित सैलावले तरी रोग्याला दार उघडल्यासारखे वाटते, आणि ते काही मिनिटांत वाटते. पोटदुखीवरच्या किंवा सांधेदुखीवरच्या औषधाचा गुण येतो आहे की नाही याबद्दल माणूस आठवडाभर घोटाळ्यात राहू शकतो. श्वास मोकळा झाला की शंका उरत नाही. म्हणूनच श्वासनळी सैल करणाऱ्या वनस्पती जगभरच्या लोकांना फार जुन्या काळी सापडल्या. पण आवळलेला स्नायू हा दम्याचा अर्धाच भाग. नळीचे आतले अस्तर सुजलेले असते आणि चिकट कफाने भरलेले असते. ती सूज स्नायू सैलावल्याने उतरत नाही. आराम मिळतो तो स्नायूमुळे, आणि जीव धोक्यात येतो तो बहुधा सूज आणि कफामुळे. रोग्याला पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही.

या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. झाडपाला आहे, फायदा नाही झाला तरी अपाय तरी काय होणार, हे एक टोक. झाडपाल्यात काही अर्थ नाही, ते सगळे थोतांड, हे दुसरे. मला दोन्ही मते एकाच चुकीतून आलेली दिसतात. वनस्पतीत जोर नसतो हे दोघांनी गृहीत धरले आहे. पुरावा याच्या अगदी उलट सांगतो. आज दम्यासाठी वापरली जाणारी कितीतरी औषधे पानामुळांच्या वंशातली आहेत, आणि ज्या वनस्पती श्वासनळीचा स्नायू खरोखर सैल करतात त्या सगळ्या कमीअधिक जालीम आहेत. स्नायूचा वेढा सैल करण्याइतके बळ ज्या पानात आहे, ते पान हृदयाचे ठोके, रक्तदाब, मेंदू, गर्भाशय यांना न शिवता राहील अशी आशा करता येत नाही. त्यामुळे अशा वनस्पतीचा मान राखायचा असेल तर तिला औषध म्हणून वागवावे लागेल: कोणता भाग, कशात उतरवलेला, किती, कोणाला, किती दिवस. पुढच्या पानांत अनेक वनस्पती येतील; त्या वाचण्यापूर्वी हा मुद्दा काही झाडांच्या इतिहासातून तपासून घेणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत बोलका इतिहास धोत्र्याचा. १८०२ साली मद्रासमध्ये सरकारी वैद्यकीय सेवेतल्या जेम्स अँडरसन यांनी जनरल जेंट नावाच्या दमेकरी अधिकाऱ्याला धोत्र्याचा धूर ओढायला सांगितले. ही रीत त्यांनी इथल्या लोकांकडून उचलली होती. जेंट ती घेऊन इंग्लंडला गेले, आणि पुढच्या काही वर्षांत तिथले डॉक्टर तिथेच उगवणाऱ्या धोत्र्याच्या दुसऱ्या जातीवर तोच प्रयोग करू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दम्याच्या सिगारेटी युरोपातल्या औषधांच्या दुकानांत सर्रास मिळू लागल्या. वाळलेल्या पानांच्या चुऱ्यात सोरा मिसळलेला असे, म्हणजे तो न विझता धुमसत राही. काही ठिकाणी हा चुरा बशीत पेटवून त्यावर डोके धरायचे आणि धूर छातीत भरून घ्यायचा. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त आयुष्यभर दम्याने बेजार होता आणि असले धूर घेत असे. हा गुण कल्पनेतला नव्हता. मेंदूकडून येणारा एक मज्जातंतू श्वासनळीच्या स्नायूला आवळण्याचा निरोप ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाच्या हाती पाठवतो. धोत्र्यातले ॲट्रोपिन आणि त्याची भावंडे त्या रसायनाची जागा आधीच अडवून बसतात, म्हणून निरोप पोचत नाही. अडचण एवढीच की हाच निरोप्या डोळ्याच्या बाहुलीत, लाळेच्या ग्रंथीत, हृदयात, मूत्राशयात आणि मेंदूतही कामाला असतो. म्हणून धोत्र्याने तोंडाला कोरड पडते, डोळ्यांपुढे धूसर होते, लघवी अडते, छाती धडधडते आणि मात्रा जरा पुढे गेली की माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो. गुण येण्याची मात्रा आणि वेड लागण्याची मात्रा यांतले अंतर थोडे, आणि दोन झाडांच्या, किंबहुना एकाच झाडाच्या पानांत आणि बियांत अल्कलॉइडे सारखी नसतात. विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी ॲट्रोपिनच्या रेणूला एक असा बदल केला की त्यावर कायमचा विद्युतभार आला. असा भारित रेणू पेशींच्या पडद्यांतून सहज पार होत नाही. श्वासातून ओढला की तो बराचसा नळीतच राहतो, रक्तात थोडा उतरतो आणि मेंदूत जवळजवळ शिरत नाही. हेच आजचे इप्राट्रोपियम. सरकारी रुग्णालयात धाप लागलेल्या रोग्याच्या तोंडावर वाफेचा मास्क लावतात, तेव्हा त्या वाफेत पुष्कळदा हे औषध असते. मद्रासमधल्या त्या चिलमीचे ते नातवंड आहे.

चिनी वैद्यकातल्या मा-हुआंगची, म्हणजे एफेड्राची, गोष्टही याच वळणाची. या झुडपाला पाने नसल्यासारखीच असतात. काड्याच वाळवून काढ्यात घालतात. १८८५ साली जपानमध्ये नागाई नागायोशी यांनी त्यातून एफेड्रिन वेगळे केले, पण औषध म्हणून त्याचे मोल कळायला जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. १९२४ च्या सुमारास पेकिंगमध्ये के. के. चेन आणि कार्ल श्मिट यांनी दाखवले की ते ॲड्रेनलिनसारखे काम करते, शिवाय पोटात घेतले तरी टिकते. ॲड्रेनलिन पोटातून घेता येत नसे, टोचावे लागे. त्यामुळे दम्यासाठी गोळी मिळणे ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. पण एफेड्रिन कोणत्या इंद्रियावर काम करायचे हे निवडत नाही. त्याने झोप उडते, रक्तदाब चढतो, ठोके वाढतात. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातल्या रसायनांत श्वासनळीच्या स्नायूंवर अधिक आणि हृदयावर कमी परिणाम करणारा रेणू शोधला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस साल्ब्युटामॉल आले. एकीकडे वैद्यक एफेड्रापासून असे पुढे सरकले असताना दुसरीकडे तीच काडी वजन उतरवण्याचा ‘नैसर्गिक’ पूरक आहार म्हणून अमेरिकेत विकली जाऊ लागली, आणि हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, मृत्यू यांच्या नोंदी जमल्यावर २००४ साली तिथल्या सरकारला असल्या पूरकांवर बंदी घालावी लागली. चहाचीही हीच कथा, फक्त सौम्य. अल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८८ साली चहाच्या पानांतून थिओफिलिन काढले, आणि विसाव्या शतकात ते जगभर दम्याचे मुख्य औषध होते. कडक कॉफीने धाप थोडी उतरते हे हेन्री हाइड सॉल्टर या इंग्रज डॉक्टरने १८६० च्या आपल्या ग्रंथात सांगितले होते. कॅफीनने श्वासनळ्या काही तास थोड्या मोकळ्या होतात हे नंतरच्या चाचण्यांनीही दाखवले. पण थिओफिलिनची रक्तातली मात्रा उपयोगाच्या मर्यादेपलीकडे थोडी सरकली तरी उलट्या, ठोक्यांची अनियमितता आणि झटके येतात. रोज आपण पितो त्या चहाच्या पानातला हा रेणू आहे.

इजिप्तमधल्या खेल्ला या रोपाने मात्र वेगळाच धडा दिला. त्याचे बी तिथले लोक मुतखड्याच्या कळांवर घेत, कारण ते नळ्यांचे स्नायू सैल करते. त्यातल्या खेलिनपासून श्वासनळी सैल करणारे चांगले औषध काढावे म्हणून इंग्लंडमध्ये काम सुरू झाले. त्या कामात रॉजर अल्टुन्यान हे डॉक्टर होते, सीरियातल्या अलेप्पोत जन्मलेले आणि स्वतः दमेकरी. ज्याने आपल्याला धाप लागते ते मुद्दाम हुंगायचे आणि नव्या रसायनाने ती अडते का पाहायचे, असे त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःवर केले. १९६५ साली हाती आलेले क्रोमोग्लायकेट स्नायू सैल करतच नव्हते; ते आधी घेतले तर धाप लागूच देत नव्हते. शोध सैलावणाऱ्याचा होता आणि सापडला अडवणारा. दम्यात आवळलेल्या स्नायूच्या मागे आणखी काहीतरी आहे, याची ही खूण होती.

महाराष्ट्राचा या इतिहासात थेट वाटा आहे आणि तो मराठी वाचकाला फारसा माहीत नसतो. मुंबईत मुलुंडला हेक्स्ट या जर्मन कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे १९७० च्या दशकात भारतीय वनस्पतींचे अर्क पद्धतशीरपणे तपासले जात होते. कोलियस फोर्स्कोली या तुळशीच्या कुळातल्या रोपाच्या मुळांतून सुजाता भट, एन. जे. डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो रेणू काढला त्याला फोर्स्कोलिन म्हणतात. ही मुळे काही परकी नव्हेत. गुजरातेत गरमर म्हणून त्यांचे लोणचे घालतात. त्याच सुमारास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत कोलिओनॉल या नावाने एक रेणू वेगळा केला गेला. तो निराळा आहे असे काही काळ वाटले, पुढे दोन्ही एकच ठरले. १९८१ साली अमेरिकेत त्याची करामत उलगडली. साल्ब्युटामॉल पेशीच्या बाहेरची कडी वाजवते, मग आत एक एन्झाइम जागे होते आणि स्नायू सैल पडतो. फोर्स्कोलिन कडी न वाजवता थेट आत जाऊन ते एन्झाइम जागे करते. लोणच्यातल्या मुळीपासून काढलेला रेणू जगभरच्या प्रयोगशाळांत रोजच्या वापराचे साधन झाला. श्वासातून दिल्यावर नळ्या सैलावतात हेही लहान चाचण्यांत दिसले. तरी तो दम्याचे रूढ औषध झाला नाही, कारण ते एन्झाइम शरीराच्या बहुतेक पेशींत असते. मागच्या दाराने शिरणाऱ्याला सगळीच घरे उघडी. रक्तदाब उतरतो, ठोके वाढतात. जपानमध्ये त्याच्यापासून बनवलेले एक औषध हृदय अकस्मात दुबळे पडल्यावर शिरेतून देण्यासाठी वापरात आले. आणि इकडे तोच अर्क गोळ्यांच्या बाटल्यांतून चरबी उतरवण्यासाठी विकला जातो.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. हजारो वर्षे लोकांनी वापरलेल्या वनस्पतीला आता चाचणीची काय गरज? परंपरेने आपल्याला दिशा दिली हे तर वरच्या प्रत्येक उदाहरणात आहे. मद्रासच्या लोकांनी सांगितले नसते तर ॲट्रोपिनकडे दम्याचे डॉक्टर कधी वळले असते कोण जाणे. परंतु तात्काळ दिसणारा गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाला जसा पकडता येतो, तसा सावकाश होणारा किंवा क्वचित होणारा अपाय पकडता येत नाही. हजारांत एकाचे हृदय बंद पडले तर गावात ते वयाने किंवा दैवाने झाले म्हणतात. चरकाच्या याच अध्यायात धूम्रपानाची एक वात सांगितली आहे. हळदीचे पान, एरंडमूळ, लाख, देवदार, जटामांसी यांच्या जोडीला तिच्यात मनःशिळा आणि हरताळ आहेत, म्हणजे सोमल कुळातली खनिजे. आज कोणताही जबाबदार वैद्य ती वात दमेकऱ्याच्या हाती देणार नाही, आणि तसे न देण्याने चरकाचा अवमान होत नाही. परंपरा जिवंत असते ती अशीच निवड करत आल्यामुळे. शिवाय ग्रंथांतली परंपरा आणि ‘आमच्याकडे पूर्वापार चालत आले आहे’ ही परंपरा यांत फरक आहे. चरकाने श्वास कमी करणाऱ्या दहा द्रव्यांची यादी उघडपणे दिली: कचोरा, पुष्करमूळ, वेलची, हिंग, तुळस, भुईआवळी अशी नावे त्यात आहेत आणि कोणीही ती पडताळू शकतो. मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडातून जे पिवळे औषध हजारो दमेकऱ्यांच्या घशात घातले जाते, त्यातले घटक गुप्त ठेवले जातात. जे औषध सांगता येत नाही त्याची मात्रा तपासता येत नाही, आणि ते गर्भारणीला, लहान मुलाला, हृदयरोग्याला द्यावे की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. एक रेणू उपटून काढला की वनस्पतीचा तोल बिघडतो, संपूर्ण पानात दोष झाकणारी द्रव्येही असतात, असे वैद्यमंडळी म्हणतात. काही वनस्पतींच्या बाबतीत यात तथ्य असू शकते. एका अर्कात अनेक द्रव्ये मिळून काम करतात हे खरे आहे. पण धोत्र्याच्या संपूर्ण पानाने वेड लागणे टळलेले नाही, आणि एफेड्राच्या संपूर्ण काडीने रक्तदाब चढायचा राहिलेला नाही. संपूर्णपणा म्हणजे सुरक्षितता, असे समीकरण पुराव्यात बसत नाही. शिवाय अर्क काढण्याची पद्धत हा आपल्याकडच्या जुन्या जाणकारांचा केवढा मोठा विषय होता! काढ्याला पाणी किती आणि आटवून उरवायचे किती, हे द्रव्य मऊ की कठीण यावर ठरवलेले आहे. अडुळशाचेच पाहा. कच्ची पाने कुटून पिळली तर रस फारसा निघत नाही. म्हणून पुटपाक करतात: पानांचा कल्क करून त्याचा गोळा वळायचा, तो मोठ्या पानांत गुंडाळून सुतळीने बांधायचा, वरून ओल्या मातीचा दोन बोटे जाड थर द्यायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. माती तांबूस झाली की गोळा फोडायचा आणि आतली वाफाळलेली पाने फडक्यात घालून पिळायची. मग रस सुटतो. ज्यांनी एवढी दगदग केली त्यांना अर्कातला फरक कळत होता. बाजारातल्या बाटलीवर नुसते ‘अडुळसायुक्त’ लिहिलेले असते आणि त्यात पान किती, मूळ किती, पाण्यात उतरवले की मद्यार्कात, कारगर अल्कलॉइड किती, यातले काही नसते, तेव्हा आधुनिक शास्त्राइतकाच पुटपाकही डावलला जातो.

चाचण्या घेतल्या म्हणजे उत्तर लगेच मिळते असेही नाही, आणि हे अंतमुळाच्या बाबतीत दिसले. या वेलीला आपल्याकडे पित्तमारीही म्हणतात. पान खाल्ले तर ओकारी येते. दिल्लीच्या पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. एन. शिवपुरी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रोग्यांना सहा दिवस रोज सकाळी पान चावून खायला देऊन, नंतर मद्यार्कातला अर्क देऊन, रीतसर चाचण्या घेतल्या. कोणाला खरे औषध आणि कोणाला नकली हे रोग्याला आणि तपासणाऱ्याला कळू नये, अशी ती पद्धत होती. निकाल उत्साह वाढवणारे आले. थोड्या दिवसांच्या औषधाने काहींना आठवडेच्या आठवडे आराम पडला. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र औषध आणि नकली औषध यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. मला यात कोणाचीही अप्रतिष्ठा दिसत नाही. पान चावल्यावर ज्याचे तोंड सोलवटते, ज्याला मळमळते, त्याला आपल्याला खरेच पान मिळाले हे कळते, आणि कळले की बरे वाटण्याकडे मन झुकते. दमा असा रोग आहे की तो आपोआपही चढतो-उतरतो. ऋतू पालटला, जागा बदलली की महिनाभर निवांत जातो. अशा रोगात ‘मला गुण आला’ या प्रामाणिक साक्षीवरून औषधाचा निवाडा होत नाही. फुंकर मारण्याच्या साध्या नळीवर आकडा घेऊन, पुरेसे रोगी घेऊन, पुरेसे दिवस थांबावे लागते. अंतमुळासारख्या आशादायक वनस्पतीचे काम एवढ्या वर्षांत तडीला गेलेले नाही, याची खंत परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी अधिक करायला हवी.

समजा, उद्या एखाद्या अर्काची मात्रा ठरली, गुण सिद्ध झाला, अपाय नगण्य निघाला. तरीही नुसता श्वासनळी सैल करणारा अर्क दमेकऱ्याला पुरणार नाही. ही गोष्ट वैद्यकाने स्वतः फार मोठी किंमत देऊन शिकली आहे. न्यूझीलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दम्याचे मृत्यू एकाएकी वाढले. तिथे १९७६ पासून फेनोटेरॉल या जोरदार सैलावणाऱ्या औषधाचे फवारे मुबलक वापरले जात होते. १९८९ नंतर त्याच्यावर मर्यादा आल्या आणि मृत्यू घसरले. श्वास मोकळा होत राहिल्याने रोगी घरीच थांबत होते, आतली सूज वाढत होती, आणि औषधाचा भार हृदयावर पडत होता. या आणि पुढच्या पुराव्यांचा परिपाक म्हणजे २०१९ साली दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शनाने केलेला बदल: फक्त सैलावणाऱ्या पंपावर प्रौढांना किंवा किशोरांना ठेवू नये, सूज उतरवणारे श्वासातले स्टेरॉइड सोबत असावे. आपल्याकडे नेमके याच औषधाबद्दल भय आहे. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीच्या लग्नाआधी पंप बंद करा, असे घराघरांत बोलले जाते, आणि काढा मात्र कितीही दिवस चालतो. जगातल्या दम्याच्या एकूण मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात असा अंदाज आहे, तर रोग्यांतला आपला वाटा त्याच्या जवळपासही नाही. ही दरी औषध नसल्यामुळे जेवढी, तेवढीच ते न घेतल्यामुळे आहे. श्वासातून घेतलेल्या स्टेरॉइडची मात्रा मिलिग्रॅमच्या अंशांत मोजतात आणि ते नळीच्या अस्तरावरच पडते. ज्याला वाक्याच्या मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो, ज्याचे ओठ निळसर पडतात, ज्याच्या गळ्याखालची खळी आत ओढली जाते, त्या माणसाजवळ काढा उकळत बसण्याइतका वेळ नसतो.

डॉक्टरांचीही यात चूक आहे. रोगी काय काय घेतो हे बहुतेक वेळा विचारले जात नाही, आणि विचारले तर अशा सुरात की तो लपवतो. थिओफिलिनची गोळी चालू असताना कोणी एफेड्राची पूड घेत असेल तर ठोक्यांवर दोन्हींचा एकत्र परिणाम होतो. हे कळायला तिरस्कार उपयोगी नाही, चौकशी हवी. आणि झाडपाल्याच्या बाजारात एक ढळढळीत फसवणूक चालते: ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत दळलेले स्टेरॉइड मिसळलेले वारंवार सापडले आहे. रोग्याला चमत्कारासारखा गुण येतो, चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक थांबवली की शरीर कोसळते. श्वासातल्या सूक्ष्म स्टेरॉइडला घाबरून पळालेला माणूस तेच औषध कितीतरी पट मात्रेने पोटात घेत असतो. आपल्या औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात दमा आहे. तो बरा करण्याचा दावा औषधाच्या नावाने करता येत नाही. विषारी द्रव्यांच्या ‘ई-१’ परिशिष्टात धोत्रा आहे, आणि असे द्रव्य असलेल्या औषधावर वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापावी लागते. कायद्याने वनस्पतीचा जोर मान्य केला आहे. वेष्टनावरची ती बारीक अक्षरे वाचणारा ग्राहक आणि दुकानदार अजून घडायचा आहे.

पुढच्या पानांची सुरुवात अडुळशापासून आहे. कोकणात आणि देशावर तो सगळ्यांच्या परिचयाचा, खोकल्यावर पहिला हात जातो तो त्याच्याकडे. त्याच्यातले व्हॅसिसीन १८८८ साली वेगळे झाले, त्याच्याशी नाते सांगणाऱ्या व्हॅसिसिनोनच्या श्वासनळी सैल करण्याच्या गुणाविषयी १९५९ साली शोधनिबंध आला, आणि व्हॅसिसीनवरूनच १९६० च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सीन घडवले गेले. खोकल्याच्या बाटल्यांवर आज ते किंवा त्याचे भावंड ॲम्ब्रॉक्सॉल असते. म्हणजे अडुळशाची मोठी कामगिरी स्नायू सैलावण्यापेक्षा चिकट कफ पातळ करण्यात आहे, आणि त्याला दम्याचे औषध म्हणताना हे ध्यानात ठेवायला हवे. हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडवते. जम्मूच्या प्रयोगशाळेत त्याचा त्या अंगाने पुष्कळ अभ्यास झाला, आणि गर्भारणीला अडुळसा देऊ नये तो यामुळेच. शेताच्या बांधावर कुंपणाला अडुळसा लावतात, कारण गुरे त्याला तोंड लावत नाहीत, वाटेल ते ओरबाडणारी शेळीसुद्धा नाही. ज्या कडवट अल्कलॉइडांमुळे ती मान फिरवते, तीच आपण पुटपाकातून फडक्यात पिळून चमचाभर मधात घालतो.